करंडीतला एक आंबा

(सव, महाडजवळ. साल १९६३, वैशाखातली सकाळ. गरम पाण्याच्या कुंडाची बायकांची बाजू. दोघी बहिणी पायरीवर बसल्या आहेत.)

गोदूबाई : सोड ना पाय पाण्यात. का जज्जसाहेबांच्या बायकोला आमच्या सवचं पाणी चालत नाही?

चंद्रभागा : चालतं गं आक्का. कढत आहे, म्हणून सावकाश सोडतेय.

गोदूबाई : कढतच असणार. तुमच्या नाशिकच्या बंगल्यात पट्टेवाला कोमट करून देत असेल.

चंद्रभागा : बंब मीच तापवते.

गोदूबाई : पण पट्टेवाला आहे ना?

चंद्रभागा : आहे.

गोदूबाई : मग झालं तर.

चंद्रभागा : महाडपासून इथवर बैलगाडीत तू माझ्याशी अक्षर बोलली नाहीस. गाडीवानाशी बोललीस, बैलांशी बोललीस. एका आंब्याच्या करंडीवरून किती वर्षं धरून बसणार आहेस, आक्का?

गोदूबाई : एका करंडीवरून! अगं, उमरठच्या आपल्या विहिरीवरच्या झाडाचे आंबे होते ते. आबांनी लावलेलं झाड. पेंढ्याचा एकेक थर मी माझ्या हातांनी घातला. वर पानं घातली, गोणपाट लावलं, सुतळीनं शिवलं. धाकट्या बहिणीला वानोळा म्हणून. ती करंडी आंबेनळीचा घाट चढून साताऱ्याला गेली आणि चौथ्या दिवशी घाट उतरून परत आली! एस्टीच्या टपावरून खाली काढली तेव्हा अर्धा महाड स्टँडवर. सुकट विकणारी मला विचारते, "वकीलीणबाई, जज्जसायबानं आंबे नापास केले काय?"

चंद्रभागा : तू ती कुणाबरोबर पाठवलीस, ते आठवतंय का?

गोदूबाई : आमच्या महाडच्या चांगूबरोबर. तो साताऱ्याला निघाला होता. साताऱ्याला जाणाऱ्याबरोबर नाही, तर मग काय मुंबईला जाणाऱ्याबरोबर पाठवायची?

चंद्रभागा : चांगूचा घाटावरच्या जमिनीचा दावा होता साताऱ्याच्या कोर्टात. दुसऱ्याच दिवशी, ह्यांच्यासमोर.

गोदूबाई : मला काय ठाऊक? मी विचारलं, "चाललास का?" तो म्हणाला, "चाललो." कशाला चाललास म्हणून कोण विचारतं? आपल्याकडे कोणी कुणाला असं विचारतं?

चंद्रभागा : तो करंडी डोक्यावर घेऊन बंगल्यावर आला. हे कोर्टातून आले, तर ओटीवर चांगू आणि शेजारी करंडी. सकाळी ज्याचं नाव कागदावर वाचलं तोच माणूस. तूच सांग, हे काय करणार?

गोदूबाई : चांगूला हाकलायचं आणि करंडी ठेवून घ्यायची.

ठमाबाई : बरोबर बोललीस गो. आंब्यानं काय घोडं मारलं?

गोदूबाई : कोण ते?

ठमाबाई : मी हाय. ह्या कोपऱ्यात. वाफंत दिसत नाय तुमाला. आवाज वळखीचा वाटला. उमरठच्या आबांची गोदू न्हवं काय तू?

गोदूबाई : ठमाकाकी! आणि तुम्ही इथं कशा?

ठमाबाई : गुडघं गेलं माजं. जावयाकडं आलेय ऱ्हायाला, रोज शेकायचं. आनि ही कोन? चंद्री? मिल्ट्रीवाल्याला दिलेली?

चंद्रभागा : हो काकी, मीच. थांबा, पाया पडते.

ठमाबाई : आगो बस, घसरशील. सुकलीस गो. नवरा खायाला देत नाय काय?

गोदूबाई : काकी, ते जज्ज झालेत आता. मोठे जज्ज.

ठमाबाई : म्हंजे खायाला देत नाय?

चंद्रभागा : देतात हो काकी.

ठमाबाई : फुडं सरकते तुमच्याजवळ. बोला तुमी. मी ऐकत नाय.

गोदूबाई : ऐका की. उमरठच्या तुम्ही, तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्हीच सांगा हिला, हिचा नवरा, तो सयाजीराव, पहिल्यांदा कुणाला बघायला आला होता ते.

ठमाबाई : तुला. मीच व्हते की तितं, पोहे केलं व्हतं मी. पोरगा आंबेनळीखालच्या वाडीतला. बाप जुना हवालदार, पेन्शनीवर शिकवलान त्याला, वकिलीची परीक्षा दिलेला. समदं ठरत आलं व्हतं. मंग त्यो बोलला, "फौजेत नाव दिलंय, लढाईवर जानार." त्यासरशी तू जी उठलीस ती गोठ्यात जाऊन बसलीस. म्हशीच्या आड. बाहेर यायला तयार नाय.

गोदूबाई : अठरा वर्षांची होते मी. गावातले किती जण पहिल्या लढाईत गेले ते परत आले नव्हते. आईच सांगायची.

ठमाबाई : मी दोष देत नाय गो. आबांचं तोंड पडलं येवढंच. पावणं बसलेलं, आनि पोरगी गोठ्यात. मंग ही चंद्री पान्याचा तांब्या घेऊन आली, तर आबा बोललं, "ही धाकटी हाय."

चंद्रभागा : मी फक्त पाणी द्यायला आले होते. परत आत गेले ती नवरी होऊन.

गोदूबाई : आणि मला महाडला दिली. रावजी वकील, स्वतःचं घर, ओटीवर पक्षकारांची रांग. तेव्हा सगळं उमरठ म्हणायचं, गोदूनं नशीब काढलं आणि चंद्रीचं वाटोळं झालं.

चंद्रभागा : तूही म्हणायचीस.

गोदूबाई : म्हणायचे. खोटं कशाला सांगू? तू चार वर्षं उमरठलाच आईजवळ बसून होतीस, तो तिकडे ब्रह्मदेशात. मी सणाला यायचे तेव्हा तुझ्यासाठी लुगडी आणायचे.

चंद्रभागा : तुझी नेसलेली.

गोदूबाई : चांगली असायची ती! फाटकं एकही दिलं नाही मी.

चंद्रभागा : चांगलीच होती. फक्त तू देताना आईसमोर द्यायचीस, आणि "बिचारी" म्हणायचीस. ते लुगडं नेसलं की दिवसभर "बिचारी" अंगावर असल्यासारखं वाटायचं मला.

गोदूबाई : तुझी दया यायची मला.

चंद्रभागा : माहीत आहे. ती फार आवडायची तुला.

ठमाबाई : आता कसं दोघी उमरठच्या वाटता.

गोदूबाई : मग लढाई संपली, आणि काकी, आमच्याकडे चक्र उलटं फिरायला लागलं. सयाजीराव जिवंत आले. लष्कराच्या कायदा खात्यात गेले. कप्तान झाले, मेजर झाले. फौजेतला शिपाई चुकला की त्याच्यावर जे लष्करी कोर्ट बसतं, त्या कोर्टाला कायदा सांगायला ते. जबलपूर, अंबाला, जम्मू. मग लष्कर सोडलं आणि सरकारनं न्यायाधीश केलं. आधी सातारा, मग नाशिक. आणि दर पायरीची बातमी मला कोण देणार? माझाच नवरा! पेढे घेऊन! "अगं, साडू मेजर झाला. अगं, साडू जज्ज झाला." स्वतःला काही मिळालं तर पाव शेर आणायचे, साडूला मिळालं की शेरभर.

चंद्रभागा : भावोजींचं मनच तसं आहे.

गोदूबाई : मनाचं राहू दे. ओटीवर फोटो लावलाय, मेजरच्या वेषातला. पक्षकार आत आला की आधी त्या फोटोला हात जोडतो, मग माझ्या नवऱ्याला. मी चहा घेऊन गेले की फोटो माझ्याकडे बघतो. माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, तुझा नवरा! आणि मागल्या वर्षी चीनची लढाई पेटली तेव्हा ह्यांनी त्या फोटोला झेंडूचा हार घातला.

चंद्रभागा : हार? अगं, जिवंत माणसाच्या फोटोला?

गोदूबाई : तेच म्हटलं मी. तर म्हणाले, "देशाचा मान आहे तो." संध्याकाळपर्यंत दोन माणसं विचारून गेली, साहेब कधी वारले म्हणून.

ठमाबाई : आगो बाई! मंग?

गोदूबाई : मग मी काढला हार. मला काय आनंद झाला असेल होय?

चंद्रभागा : कसला, हार घातल्याचा की काढल्याचा?

गोदूबाई : हसू नकोस. तू हसलीस की आई हसल्यासारखं वाटतं आणि मला नीट भांडता येत नाही. का आलीस ते सांग. तीन वर्षं फिरकली नाहीस, काल अचानक एस्टीतून उतरलीस. गुडघे काही तुझे दुखत नाहीत. माझे दुखतात.

चंद्रभागा : सांगते. ह्यांना अलिबागला विचारलंय. जिल्हा न्यायाधीश म्हणून. तीन-चार वर्षं तरी.

गोदूबाई : अलिबागला?

चंद्रभागा : हो.

गोदूबाई : म्हणजे आपल्याच जिल्ह्याला. महाडचं कोर्टसुद्धा त्यांच्याच हाताखाली.

चंद्रभागा : हो.

गोदूबाई : घ्या. हेच राहिलं होतं. आता आमच्या वकिलांनी काळा कोट घालून तुझ्या नवऱ्यासमोर मान वाकवायची. मला गोठ्यात लपवलं त्या म्हशीलासुद्धा हसू येईल.

चंद्रभागा : मान वाकवायचा प्रश्नच नाही, आक्का. त्यासाठीच आलेय. भावोजींना ह्यांच्यासमोर उभंच राहता येणार नाही. साडू न्यायाच्या खुर्चीवर आणि साडू वकील, असं हे एक दिवस चालू देणार नाहीत. दावा असो, अपील असो, भावोजींचं नाव असलं की हे बसणार नाहीत.

गोदूबाई : मग दुसऱ्या कुणापुढे चालवतील.

चंद्रभागा : प्रत्येक वेळी दुसरा आणायचा कुठून? लोकांची कामं अडतील. पक्षकारांनाच ते परवडणार नाही, ते दुसरा वकील बघतील. आणि...

गोदूबाई : आणि काय? संपव एकदाचं.

चंद्रभागा : आणि भावोजी अलिबागच्या कोर्टात काम करत असले, तर मला तुझ्या घरी येता येणार नाही. तुला माझ्याकडे येता येणार नाही. नाशिकला भावोजींचं काम नाही, म्हणून काही आड येत नाही. अलिबागला आले की तू जवळ, आणि तुझं दार बंद.

गोदूबाई : म्हणजे तू सांगायला आलीस, की माझ्या नवऱ्यानं अलिबागचं काम सोडावं.

चंद्रभागा : सांगायला नाही. विचारायला.

गोदूबाई : तुझ्या नवऱ्याला खुर्ची मिळावी, म्हणून माझ्या नवऱ्यानं आपला उभा राहायचा ओटाच मोडून द्यावा!

चंद्रभागा : महाडचं कोर्ट आहे की त्यांना. हे म्हणतात, तिथं त्यांनी खुशाल उभं राहावं. त्यांचं एखादं काम अपिलात वर आलंच, तर हे बाजूला होतील. फक्त अलिबागला...

गोदूबाई : अलिबागचं अपील जिंकून आले की ते महाडच्या बाजारातून कसे चालतात, बघितलंयस कधी? छत्री काखेत नसते मग, हातात असते. फिरवत येतात. महिन्यातून एकदा येते ती चाल. तेवढी एकच गोष्ट माझ्या नवऱ्याकडे आहे, जी तुझ्या नवऱ्यानं दिलेली नाही. तीसुद्धा तुला हवीय?

चंद्रभागा : नको असेल तर नको म्हण, आक्का. मी रागावणार नाही.

गोदूबाई : तू कशाला रागावशील? रागवायला माणसाचं काहीतरी जावं लागतं.

ठमाबाई : गोदू, आता माजं ऐकतेस?

गोदूबाई : तुम्ही ऐकत नव्हतात ना काकी?

ठमाबाई : नव्हते. पन बोलू तर शकते? माजा भिकू फौजेत व्हता, म्हाइत हाय ना तुला?

गोदूबाई : हो. कैदेत गेला होता, ऐकलं होतं.

ठमाबाई : शिमग्याला रजेवर आला. पालखी नाचवायचा मान आमच्या घरान्याकडं, थोरला ल्येक नाचवतो. पालखी वाड्या-वाड्या फिराया लागली आनि रजा सपली. मी बोलले, जा बाबा. त्यो बोलला, "पालखी देवळात बसली की जातो. सायबाला सांगतो, देवाचं काम व्हतं." त्याला वाटलं, सायेब मानंल. शेवटाला पाटलानंच धरून न्हेला.

चंद्रभागा : ते कागद अंबाल्याला ह्यांच्याच टेबलावर आले.

ठमाबाई : मी हुरळले. म्हटलं, आपल्या चंद्रीचा नवरा! उमरठचा जावई! सुटला माजा भिकू. आनि तुजा नवरा काय करून बसला? बोलला, "ह्यो माज्या सासरवाडीचा पोरगा हाय. ह्याच्या कामात मी बसत नाय." दुसरा सायेब बसला, कोन मद्राशी. त्याला काय म्हाइत, पालखी म्हंजे काय? भिकूला कैद झाली, नोकरी ग्येली.

गोदूबाई : आणि तरी तुम्ही हिला जवळ बसवून घेता?

ठमाबाई : ऐक की. त्या उन्हाळ्यात त्यो उमरठला आला. तुमच्या घरी नाय ग्येला आदी, माज्या दारी आला. खाली भुईवर बसला. बोलला, "काकी, पानी द्या." मी दिलं नाय. बसून ऱ्हायला बराच येळ. मंग उठून ग्येला. दुसऱ्या साली परत आला. परत पानी मागितलान. तवाबी नाय दिलं.

चंद्रभागा : हे मला कधी बोलले नाहीत.

ठमाबाई : कशाला बोलंल? तिसऱ्या साली आला तवा दिलं. मी विचारलं, "तू बसला असतास तर भिकू सुटला असता का रे?" तर बोलला, "ते मला आजपत्तुर ठरवता आलं नाय, काकी. म्हनून तर बसलो नाय."

गोदूबाई : म्हणजे शहाणपण आणि काय! तुमचा मुलगा आत गेला तो गेलाच.

ठमाबाई : ग्येलाच. मी कुटं बोलते, बरं क्येलान? मला अजून राग येतो मदी मदी. पन येक सांगते. त्यो मानूस तुज्या नवऱ्यासाठी येगळं आनि माज्या भिकूसाठी येगळं करत नाय. तुजा हेवा चुकीच्या जागी लागलाय गो. त्याच्याकडं हेवा करावा असं काय हाय, मला तर दिसत नाय.

गोदूबाई : त्याचा नाही हो काकी मला हेवा.

चंद्रभागा : माझा?

गोदूबाई : तुझा. गोठ्यातून मी बाहेर आले असते, तर तो बंगला माझा असता, आणि त्या बंबाला मीच लाकडं घातली असती. हे मी रोज मनात म्हणते. कणीक मळताना म्हणते.

चंद्रभागा : मग ऐक, बंगल्यात काय असतं ते. वकिलांच्या बायकांकडे हळदीकुंकवाला जायचं नाही. व्यापाऱ्यांकडे नाही. मामलेदारीणबाई बोलावतात, तर आधी ह्यांना विचारायचं. संक्रांतीला मी देवळात जाऊन उभी राहते, येईल तिला वाण देते आणि परत येते. जम्मूला दोन वर्षं मराठी बोलायला माणूस नव्हतं, मी तुळशीशी बोलायचे. मुलगा बोर्डिंगात. आजारी पडले की नर्स येते, चांगली असते बिचारी, पण ती जाताना दार ओढून घेते ना, त्या आवाजानं...

गोदूबाई : रडू नकोस. पाणी आधीच खारट आहे इथलं.

चंद्रभागा : रडत नाही. वीस वर्षं हे म्हणाले, "चल," आणि मी ट्रंका भरल्या. या वेळी पहिल्यांदाच म्हणाले, "अलिबागचं तू ठरव. तू म्हणशील ते सोमवारी कळवतो." मला ठरवता येईना. म्हणून तुझ्याकडे आले. तू नको म्हणालीस तर नागपूरकडे जाऊ. तिकडचीही जागा आहे.

ठमाबाई : म्हंजे आता जज्ज तू झालीस गो, गोदू.

गोदूबाई : मी नाही बसणार.

चंद्रभागा : म्हणजे?

गोदूबाई : या कामात मी बसणार नाही. तुझा नवरा काय म्हणतो? ज्याचं मन एका बाजूला कललेलं, त्यानं बसू नये. माझं कललेलं आहे. मी नको म्हटलं, तर ते ह्यांच्या छत्रीसाठी म्हणतेय की तू पुन्हा "बिचारी" व्हावीस म्हणून, हे मलाच कळत नाही. आणि हो म्हटलं, तर लोकांनी मला मोठ्या मनाची म्हणावं म्हणूनही म्हणत असेन. मी माझ्यावर विश्वास ठेवायची नाही.

चंद्रभागा : मग भावोजींना विचारू?

गोदूबाई : त्यांना? तू वाक्य पुरं करायच्या आत ते कोट खुंटीला लावतील आणि पेढे आणायला जातील. शेरभर! तेच तर मला बघवत नाही.

चंद्रभागा : मग कोण ठरवणार?

ठमाबाई : माज्याकडं बघू नका. माजं पानी द्यायला तीन वर्सं लागली.

चंद्रभागा : आक्का, एक सांगायचं राहिलंय. त्याचा या कामाशी काही संबंध नाही. पण तू बसत नाहीसच, तर सांगून टाकते.

गोदूबाई : आता आणि काय?

चंद्रभागा : ती करंडी. हे कपडे बदलायला आत गेले तेव्हा मी सुतळी उसवली. एक आंबा काढून घेतला. मग शिवली परत.

गोदूबाई : तू?

चंद्रभागा : हो.

गोदूबाई : वरच्या थराला खड्डा पडलेला दिसला होता मला. मी चांगूला म्हटलं, मेल्या, वाटेत आंबा खाल्लास. तो देवाची शपथ घेत होता आणि मी म्हणत होते, शपथ तरी खरी घे! तीन वर्षं मी त्या माणसाला आंबाचोर म्हणतेय. दारावरून गेला तरी म्हणते.

चंद्रभागा : न्हाणीघरात उभ्यानं खाल्ला. कडी लावून. विहिरीवरच्या झाडाचाच होता, देठाजवळ आंबट लागतो ना, तसाच. हे बाहेरून विचारत होते, "बरं नाही का?" आणि माझ्या कोपरापर्यंत रस.

ठमाबाई : जज्जाच्या घरात चोरी!

चंद्रभागा : त्यांना अजून माहीत नाही. त्यांच्यापासून लपवलेली माझी एवढी एकच गोष्ट आहे. कोय मी मागच्या अंगणात लावली. रुजली. माझ्या कमरेएवढी झाली होती, तेवढ्यात नाशिकची बदली आली. साताऱ्याच्या त्या बंगल्यात दुसरे कोणी राहायला आले, त्यांनी तिथं मोटार ठेवायला जागा केली म्हणे.

गोदूबाई : उपटलं?

चंद्रभागा : असणार.

गोदूबाई : मला लिहायचंस तरी. एवढी वर्षं मी समजत होते, की माझं एक फळसुद्धा तुझ्या तोंडी लागलं नाही.

चंद्रभागा : काय लिहू? जज्जाच्या बायकोनं चोरी केली म्हणून?

गोदूबाई : न्हाणीघरात. उभ्यानं. आई असती तर पाटावर बसवून कानाखाली दिली असती.

ठमाबाई : आता उठा गो. लय येळ पाय शेकलं की भोवळ येती.

गोदूबाई : थांबा काकी. चंदे, अलिबागच्या बंगल्याला अंगण आहे का?

चंद्रभागा : आहे म्हणतात. समुद्राकडे.

गोदूबाई : समुद्राकडे नको. खारा वारा कोवळ्या रोपाला सोसत नाही. मागच्या बाजूला बघ.

चंद्रभागा : आक्का?

गोदूबाई : कळव त्यांना, हो म्हणून. ह्यांना मी सांगेन आज. पेढे मीच आणते, साडूसाठी शेरभर आणायचं सुख तेवढं त्यांना मिळायला नको.

चंद्रभागा : आणि छत्री?

गोदूबाई : छत्रीचं मी बघते. महाडच्या कोर्टातून येतानाही फिरवता येते छत्री. मी ओटीवर उभी राहून बघत बसले, तर फिरवतील. इतकी वर्षं मी त्या फोटोकडे डोळे वटारण्यात घालवली, त्यांच्याकडे कुठं बघत होते?

चंद्रभागा : तू आत्ताच म्हणालीस, मी बसणार नाही.

गोदूबाई : बसले नाही. उभी आहे. हात दे, गुडघा वळत नाही. आणि एक अट आहे. तो फोटो तुझ्या हातांनी उतरवायचास. हा जिल्ह्याचा जज्ज, आणि वकिलाच्या ओटीवर त्याचा फोटो, हे तुझ्या साहेबांच्या कायद्यात बसतं का?

चंद्रभागा : मुळीच नाही. कळलं असतं तर आधीच उतरवायला सांगितला असता.

गोदूबाई : बघा काकी! तीन वर्षं करंडीवरून रडले, त्याऐवजी एक कार्ड टाकलं असतं तर भिंत मोकळी झाली असती.

ठमाबाई : हेवा ग्येला म्हनायचा मंग?

गोदूबाई : कुठं जातोय? जिल्हा न्यायाधीश झालेत, तो वाढलाच असेल. पण ही लांब असली की मला फार मोठी दिसते. जवळ आली की दिसेल तरी, हिचेही केस पिकलेत ते. चला. चांगूच्या घरावरून गाडी घ्यायला सांगते, त्या माणसाला एकदा काहीतरी बोललं पाहिजे.

चंद्रभागा : काय बोलणार?

गोदूबाई : ते मलाही माहीत नाही. चंदे, तुमचं सोमवारी कळवायचंय ना? तोवर तू कोण?

चंद्रभागा : कोण म्हणजे? तुझी बहीण.

गोदूबाई : आणि माझ्या घरी जेवायला काही आडकाठी?

चंद्रभागा : नाही.

गोदूबाई : मग दुपारी जेवायलाच थांब. उमरठचे आंबे आलेत, पाटावर बसून खा. आणि कोय टाकू नकोस, धुऊन माझ्याकडे दे.